एक्सएमएल कुणाचं, त्यावर टूल ठरतं

पत्र: आमची कुडाळला तिघांची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. वेंगुर्ल्याकडचे काजू कारखाने आणि देवगडचे आंबा निर्यातदार आमचं बिलिंग वापरतात. आठ वर्षं सगळं जावा ८ वर चाललं होतं. नवा सर्व्हर घेताना जावा १७ टाकला आणि एक्सएमएलचा (टॅगांमध्ये माहिती लिहिलेल्या फायलींचा) भाग आडवा झाला. आमच्याकडे एक्सएमएल तीन प्रकारचं आहे. परदेशी खरेदीदाराच्या ऑर्डरी येतात, त्यांच्या एक्सएसडीच्या, म्हणजे एक्सएमएलचा आकार ठरवून देणाऱ्या, चाळीसेक फायली आहेत. टॅलीत व्हाउचरं चढवायची असतात. आणि जुन्या पावत्यांचा साठा एक्सस्ट्रीम या लायब्ररीने लिहिलेला आहे. मोबाइल ॲपच्या जेसनसाठी (माहिती लिहिण्याची दुसरी पद्धत) जॅक्सन ही लायब्ररी आधीपासून आहे. एक जण म्हणतो जॅक्सबी घ्या, दुसरा म्हणतो सगळं जॅक्सनवरच करू, आणि आमचे जुने सल्लागार कॅस्टरचं नाव काढतात. एक्सएमएलचे जावा ऑब्जेक्ट आणि ऑब्जेक्टांचं एक्सएमएल करणारं एकच टूल घ्यायचं तर कोणतं?
— एक वाचक, कुडाळ

नमस्कार.

‘एकच टूल’ हा हट्ट आधी सोडा. तुमच्याकडची तिन्ही एक्सएमएलं वेगवेगळ्या मालकांची आहेत. ऑर्डरीचा आकार खरेदीदार ठरवतो आणि एक्सएसडी देऊन तो तुम्हाला त्यात बांधून ठेवतो. व्हाउचरचा आकार टॅली ठरवते, पण त्याची एक्सएसडी तुमच्या हातात नाही, हातात आहेत ते नमुने. जुन्या पावत्यांचा आकार तर कुणी बसून ठरवलेलाच नाही. तुमचे आठ वर्षांपूर्वीचे जावा क्लास जसे होते तसा तो पडला. आपल्याकडे जागा घेताना माड मोजण्याआधी गडगा कुणाचा ते विचारतात. इथेही कोणतं टूल वेगवान आणि कुणाची ॲनोटेशनं (क्लासवर लिहायच्या खुणा) सुटसुटीत हे प्रश्न नंतरचे.

म्हणून उत्तर असं: ऑर्डरींसाठी जॅक्सबी, आणि तेही एक्सएसडीवरून क्लास तयार करून. टॅलीसाठी जॅक्सन, कारण ते घरात आहेच. जुन्या पावत्या एक्सस्ट्रीमने शेवटच्या एकदा वाचून घ्या आणि मग एक्सस्ट्रीमला निरोप द्या. कॅस्टर नको. आता कारणं आणि खड्डे.

आधी जावा १७ वर नेमकं काय मोडलं ते पाहू, कारण टूल निवडण्यापेक्षा जास्त वेळ बहुधा यातच जाईल. जॅक्सबी जावा ६ पासून जेडीकेच्या, म्हणजे जावाच्या मूळ संचाच्या, आतच मिळत होतं, म्हणून तुम्ही कधी वेगळी जार (लायब्ररीची फाइल) घेतली नसेल. जावा ९ मध्ये ते काढून टाकण्याच्या यादीत गेलं आणि २०१८ च्या जावा ११ मध्ये खरोखर काढलं गेलं. एक्सजेसी ही क्लास तयार करणारी कमांडही त्याच्याबरोबर गेली. तुमच्या लॉगमध्ये जावाएक्स.एक्सएमएल.बाइंडमधला क्लास सापडत नाही अशी ओरड असेल, ती यामुळे. आता एपीआयची (नुसत्या घोषणांची) जार आणि रनटाइमची (प्रत्यक्ष काम करणाऱ्या कोडची) जार अशा दोन्ही स्वतः घ्याव्या लागतात. नुसती एपीआय घेतली तर कंपाइल होतं, आणि चालवताना ‘जॅक्सबीची इम्प्लिमेंटेशन सापडली नाही’ म्हणून थांबतं.

दुसरा घोळ नावाचा आहे. जॅक्सबी ओरॅकलकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेलं आणि आवृत्ती ३ पासून पॅकेजचं नाव जावाएक्सऐवजी जकार्ता झालं. दोन्ही पिढ्या जावा १७ वर चालतात. मात्र एका प्रोजेक्टात दोन्ही आल्या की फसगत होते, आणि ती चटकन दिसत नाही. क्लासवर जुन्या पॅकेजचं ॲनोटेशन आहे आणि रनटाइम आवृत्ती ४ चा आहे असं समजा. रनटाइमला ते ॲनोटेशन दिसतच नाही, कारण त्याच्या दृष्टीने तो भलताच क्लास आहे. मग मेसेज येतो की क्लासवर एक्सएमएल-रूट-एलिमेंट नाही. तुम्ही क्लास उघडता तर ते तिथे ठळक बसलेलं असतं! असं झालं की क्लासच्या वरच्या इम्पोर्टच्या ओळी बघा, ॲनोटेशनकडे बघत बसू नका. आणखी एक खोड: मेव्हन या बिल्डच्या साधनामधल्या ‘जकार्ता.एक्सएमएल.बाइंड-एपीआय’ या जारची २.३.३ आवृत्ती नावाने जकार्ता असली तरी तिच्या आतलं पॅकेज जावाएक्सच आहे. जारच्या नावावर जाऊ नका, मेव्हनचा डिपेन्डन्सी-ट्री (कोणती जार कुठून आली त्याची यादी) काढून आवृत्ती बघा.

कोणती पिढी घ्यायची? तुम्ही स्प्रिंग बूट ३ वर जात असाल तर जकार्ता, आवृत्ती ४. स्प्रिंग बूट २ किंवा जुन्या लायब्रऱ्यांवर राहणार असाल तर २.३ ची मालिका. अर्धं इकडे, अर्धं तिकडे असं ठेवू नका.

आता ऑर्डरी. चाळीस एक्सएसडी फायली असताना क्लास हाताने लिहायचा विचारही करू नका. एक्सजेसी मेव्हनच्या प्लगिनमधून चालवा. एक्सएसडी रिपॉझिटरीत आवृत्तीच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. तयार झालेला कोड टार्गेट फोल्डरमध्ये पडू द्या आणि त्याला हात लावू नका. एकदा कुणी तयार क्लासमध्ये ‘छोटासा’ बदल केला की पुढच्या वेळी एक्सएसडी बदलल्यावर तो बदल वाहून जातो. बदल हवेच असतील तर ते एक्सजेबी ही बाइंडिंग फाइल लिहून सांगायचे. त्यात पॅकेजचं नाव, क्लासचं नाव, तारखेसाठी ॲडाप्टर असं सगळं देता येतं.

एवढ्या एक्सएसडींवर पहिल्याच फेरीत एक्सजेसी बहुतेक कुरकुर करेल. सर्वांत नेहमीची तक्रार नावांच्या टकरीची: एकाच नावाचे दोन टाइप, किंवा ऑब्जेक्ट-फॅक्टरीत दोन घोषणा एकमेकींवर आदळतात. नेमस्पेस (टॅगांच्या नावांचे कप्पे) वेगळे असतील तर प्रत्येकाला वेगळं पॅकेज द्या, निम्म्या टकरी तिथेच मिटतील. उरलेल्यांना बाइंडिंग फाइलमध्ये नवं नाव द्या. एक्सएसडीत पुनरावृत्ती असलेला चॉइस असेल तर ‘हे-किंवा-ते-किंवा-पलीकडचं’ अशा लांबलचक नावाची एकच लिस्ट तयार होते. ती बघून घाबरू नका, बाइंडिंग फाइलमध्ये तिला माणसासारखं नाव देता येतं. लिस्टला सेटर मिळत नाही हेही लक्षात असू द्या. गेटरने लिस्ट घ्यायची आणि तिच्यातच भर घालायची, असंच ते बनवलेलं आहे.

एक्सएसडीच्या आत दुसऱ्या एक्सएसडीचा इंटरनेटवरचा पत्ता इम्पोर्ट केलेला असतो. प्रत्येक बिल्डला एक्सजेसी तिकडे धावतं. जुलैत चार तास नेट गेलं की तुमचा बिल्डही चार तास बसून राहील. त्या फायली एकदाच उतरवून घ्या आणि एक्सएमएल कॅटलॉग लिहून बाहेरचा पत्ता आतल्या फाइलकडे वळवा. दहा ओळींचं काम आहे.

तयार क्लासांबरोबर पॅकेज-इन्फो नावाची फाइल येते. ती बिनकामाची वाटते म्हणून काही जण क्लास दुसरीकडे हलवताना मागे सोडतात. नेमस्पेस त्यातच लिहिलेला असतो. ती गेली की मूळ एलिमेंटलाच ‘अनपेक्षित एलिमेंट, यूआरआय अमुक’ अशी चूक येते. ही चूक येणं नशीबच म्हणायचं, कारण आतल्या एलिमेंटचा नेमस्पेस जुळला नाही तर चूक येत नाही, ते फील्ड गुपचूप नल राहतं.

गुपचूप हा शब्द जपून ठेवा, कारण जॅक्सबीची खरी खोड तीच आहे. आवृत्ती २ पासून वाचताना आलेल्या बऱ्याच चुका ते मुळातच गिळतं. समजा फाइलमध्ये असं आलं:

<पेट्या>१२ नग</पेट्या>

आणि क्लासमध्ये पेट्या हे फील्ड साधं इंट आहे. तुम्हाला वाटेल आरडाओरडा होईल. होत नाही. पेट्या शून्य होतात आणि ऑर्डर पुढे जाते. ‘नग’ काढून टाकला आणि आकडा देवनागरीत राहिला तरी तेच, कारण एक्सएसडीच्या पूर्णांकाला फक्त इंग्रजी आकडे चालतात. (टॅगांची नावं मात्र देवनागरीत असायला एक्सएमएलची काहीच हरकत नाही, वर लिहिलंय ते वैध आहे.) तसंच ईनमचं (ठरावीक कोडांच्या यादीचं): खरेदीदाराने पॅकिंगचा नवा कोड सुरू केला आणि तो तुमच्या एक्सएसडीत नाही, तर पॅकिंग नल.

यावर इलाज दोन आहेत आणि दोन्ही करा. पहिला: एक्सएसडीवरून स्कीमा ऑब्जेक्ट बनवा आणि अनमार्शलरला (एक्सएमएल वाचून ऑब्जेक्ट बनवणाऱ्याला) सेट-स्कीमाने द्या. मग न जुळणारी फाइल तिथेच अडते, ओळ आणि कॉलमच्या नंबरासकट. दुसरा: इव्हेंट-हँडलर लावा आणि चूक आली की त्यातून फॉल्स परत करा, म्हणजे वाचणं थांबतं. नकार मिळालेली फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि माणसाला कळवा. शून्य पेट्यांची ऑर्डर गोदामात पोचण्यापेक्षा हे बरं.

जॅक्सबी-कॉन्टेक्स्ट बनवायला महाग असतो, कारण तो सगळे क्लास उलटेपालटे करून वाचतो. तो प्रोग्राम सुरू होताना एकदाच बनवा आणि सगळ्या थ्रेडना वाटून द्या, ते सुरक्षित आहे. मार्शलर (ऑब्जेक्टाचं एक्सएमएल लिहिणारा) आणि अनमार्शलर मात्र वाटून वापरायचे नाहीत, दर कामाला नवा घ्या. तो स्वस्त असतो. पुष्कळांकडे हे नेमकं उलटं केलेलं सापडतं आणि मग ‘जॅक्सबी हळू आहे’ असा बोभाटा होतो.

मोठ्या फायलींचा प्रश्न आज नसला तरी येईल. हजारो ओळींची फाइल सबंध वाचून ऑब्जेक्टांचं झाड मेमरीत उभं करण्याऐवजी स्टॅक्सच्या रीडरने पुढे सरकत जायचं आणि प्रत्येक ‘ओळ’ एलिमेंट आलं की तेवढंच अनमार्शल करायचं. यात एक सापळा आहे. अनमार्शल झाल्यावर रीडर बंद होणाऱ्या टॅगच्या पलीकडच्या घटनेवर उभा असतो. तुम्ही सवयीने लूपच्या शेवटी पुन्हा नेक्स्ट म्हणता. चाचणीची फाइल नीट इंडेंट केलेली असते, दोन ओळींमध्ये मोकळी जागा असते, नेक्स्टने तीच खर्ची पडते आणि सगळं बरोबर चालतं. खरी फाइल सलग, मोकळ्या जागेशिवाय येते, आणि एकाआड एक ओळ गायब होते. शंभर पेट्यांतल्या पन्नास. म्हणून अनमार्शलनंतर नेक्स्ट न म्हणता आधी रीडर कशावर उभा आहे ते तपासा, आणि चाचणीत एक सलग फाइल ठेवाच.

त्याच रीडरच्या फॅक्टरीवर डीटीडीचा (एक्सएमएलच्या आत व्याख्या लिहिण्याच्या जुन्या पद्धतीचा) आधार आणि बाहेरच्या एन्टिटी (दुसरीकडचा मजकूर ओढून आणणारी नावं) या दोन्ही सोयी बंद करा. बाहेरून येणाऱ्या एक्सएमएलमध्ये एन्टिटीचा पत्ता लिहून तुमच्या सर्व्हरवरची फाइल वाचून नेता येते. त्याला एक्सएक्सई म्हणतात. दोन ओळी आहेत, विसरू नका.

आणि हे तयार क्लास बिलिंगच्या आत नेऊ नका. पाहुणा पडवीपर्यंत ठीक, माजघरात नको. ऑर्डरीचा तयार क्लास आणि तुमचा स्वतःचा ऑर्डर क्लास यांच्यामध्ये एक बदलकाम करणारा क्लास ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण खरेदीदाराने एक्सएसडी बदलली की तेवढाच एक क्लास दुरुस्त करावा लागतो.

आता टॅली. इथे क्लास तुम्हीच लिहिणार, व्हाउचरला लागतील तेवढीच फील्डं ठेवणार आणि ती बाहेर पाठवणार. जेसनसाठी जॅक्सन आहेच, त्यात एक्सएमएलचं मॉड्यूल जोडलं की एक्सएमएल-मॅपर मिळतो. जावाचे रेकॉर्ड (फक्त माहिती धरणारे छोटे क्लास) त्याला २.१२ पासून चालतात. जॅक्सबीला क्लासचा रिकामा कन्स्ट्रक्टर लागतो, रेकॉर्ड चालत नाहीत. मोबाइल ॲपच्याच क्लासवर टॅलीची ॲनोटेशनं चढवायचा मोह मात्र आवरा. आज एक फील्ड ॲपसाठी वाढलं की उद्या ते टॅलीकडेही जाईल. व्हाउचरसाठी वेगळे रेकॉर्ड लिहा.

पहिल्याच दिवशी लिस्ट अडेल. जॅक्सन मुळात लिस्टभोवती आणखी एक वेष्टण घालतो:

<पावती>
  <ओळी>
    <ओळी>काजूगर</ओळी>
    <ओळी>हापूस</ओळी>
  </ओळी>
</पावती>

टॅलीला बाहेरचं वेष्टण नको असतं. तिथे ‘ऑल-लेजर-एन्ट्रीज-डॉट-लिस्ट’ हा टॅग प्रत्येक नोंदीसाठी थेट व्हाउचरच्या आत पुन्हा पुन्हा येतो. एलिमेंट-रॅपर या ॲनोटेशनमध्ये यूझ-रॅपिंग फॉल्स करा. टॅगच्या नावातला टिंब जावात चालत नाही, म्हणून फील्डला साधं नाव देऊन लोकलनेममध्ये टिंबासकट खरं नाव लिहा.

तारीख आठ आकड्यांत सलग जाते: वर्ष, महिना, दिवस. फॉरमॅट लिहिताना वर्षाचा वाय लहान, महिन्याचा एम मोठा, दिवसाचा डी लहान. मोठा वाय लिहिला तर जावा त्याचा अर्थ ‘आठवड्यांच्या हिशोबातलं वर्ष’ असा घेतो. अकरा महिने बरं चालतं आणि डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत व्हाउचर पुढच्या वर्षात जाऊन बसतं. मोठा डी म्हणजे वर्षातला कितवा दिवस. फील्डचा प्रकार लोकलडेट ठेवा, जुना डेट नको. जुन्या डेटमध्ये तारखेबरोबर वेळही असते. आपल्याकडे १ एप्रिलचे रात्रीचे बारा वाजलेले असताना यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरच्या लेखी ३१ मार्चची संध्याकाळ, साडेसहा. पावती मागच्या आर्थिक वर्षात गेली की सीएंचा फोन ठरलेला.

रकमेला डबल वापरू नका, बिगडेसिमल घ्या. पैशांच्या अपूर्णांकाचं कारण सगळ्यांना माहीत असतं. दुसरं कारण कमी जणांना माहीत असतं: रक्कम बरोबर एक कोटीला पोचली की जावा डबल ‘१.०ई७’ अशा शास्त्रीय रूपात लिहितो. लाखांपर्यंतच्या चाचण्यांत हे कधीच दिसत नाही. दशांश प्रकार मागणाऱ्या एक्सएसडीलाही ते अमान्य आहे, तेव्हा ऑर्डरींच्या बाजूलाही हाच नियम. एचएसएन कोड (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) आकडा म्हणून ठेवू नका, स्ट्रिंग ठेवा. आंब्याचा ०८०४ आणि काजूचा ०८०१, इंटमध्ये टाकले की पुढचं शून्य गळतं आणि ८०४, ८०१ उरतात. तुमच्या ग्राहकांचे दोन्ही मुख्य माल नेमके शून्याने सुरू होणारे आहेत.

चिन्हांचं टॅलीत उलटं वाटेल: नावे बाजूची रक्कम ऋण जाते आणि तिच्याबरोबर ‘इज-डीम्ड-पॉझिटिव्ह’ला येस. जमा बाजू धन आणि नो. टॅलीचा सर्व्हर चालू करून ९००० पोर्टवर पाठवत असाल तर एचटीटीपीचा २०० आला म्हणून व्हाउचर चढलं असं धरू नका. उत्तरात येणाऱ्या एक्सएमएलमधले क्रिएटेड, ऑल्टर्ड आणि एरर्स हे आकडे वाचा, आणि लाइन-एरर असेल तर तो मजकूर जसाच्या तसा लॉगमध्ये घ्या. बहुतेक वेळा लेजरच्या नावात फरक असतो.

टॅलीतून माल बाहेर काढून वाचायचा असेल तर आणखी दोन गोष्टी. निर्यात केलेल्या फायलीत कधीकधी अँपरसँड, हॅश, चार आणि अर्धविराम असा कॅरेक्टर-कोड येतो, ‘प्रायमरी’ किंवा ‘नॉट ॲप्लिकेबल’च्या आधी. एक्सएमएल १.० मध्ये तो अक्षर-क्रमांक निषिद्ध आहे, त्यामुळे कोणतंही टूल असो, पार्सरच अडतो. टूल बदलून उपयोग नाही. पार्सरला द्यायच्या आधी तेवढा कोड गाळणारी चाळणी लावा, आणि तेवढाच गाळा, सगळे कोड नको, नाहीतर ‘आणि मंडळी’साठी लिहिलेलं चिन्हही जाईल. दुसरं, फाइलमध्ये शेकडो टॅग असतात आणि तुम्हाला पाचसहाच हवे असतात. जॅक्सनची २ ची मालिका अनोळखी टॅगवर मुळातच थांबते, ते इथे बंद करा. फक्त इथे. तुमच्याच लिखाणाच्या चाचण्यांत ते चालूच असू द्या.

जॅक्सन ऑर्डरींसाठीही का नको, हे तुमच्या दुसऱ्या सहकाऱ्याला सांगायला हवं. तो एक्सएसडीवरून क्लास बनवत नाही आणि एक्सएसडीशी पडताळूनही बघत नाही. वाचताना नेमस्पेसकडेही तो फारसं लक्ष देत नाही. खरेदीदाराने ‘एक्सएसडीप्रमाणे’ म्हणून करार केला असेल तर हे सगळं तुम्हाला हाताने करावं लागेल. जॅक्सबीची ॲनोटेशनं जॅक्सनला वाचायला लावणारं मॉड्यूल आहे, पण जावाएक्ससाठी एक आणि जकार्तासाठी दुसरं. चुकीचं जोडलं तर चूक येत नाही, ॲनोटेशनं फक्त दुर्लक्षिली जातात.

जुन्या पावत्या. एक्सस्ट्रीमची गंमत अशी की काहीही न सांगता तो कोणताही ऑब्जेक्ट लिहून ठेवतो, आणि तीच अडचण आहे. टॅगमध्ये पॅकेजसकट क्लासचं नाव असतं, म्हणजे क्लासचं नाव बदललं की जुनी फाइल परकी. बाहेरून आलेल्या एक्सएमएलमध्ये कुणी भलत्या क्लासचं नाव घातलं तर तो तोही बनवायला जातो, आणि यातून सर्व्हरवर परका कोड चालवता येईल अशा त्रुटी वर्षानुवर्षं निघत आल्या. २०२१ च्या १.४.१८ पासून परवानगी दिलेल्या क्लासांखेरीज सगळ्यांना मुळातच मनाई आहे. शिवाय जावा १७ ने जेडीकेच्या आतल्या खासगी फील्डांना हात लावायला बंदी केली, आणि एक्सस्ट्रीमला ती सवय आहे. ॲड-ओपन्स (ही बंदी उठवणारा पर्याय) देऊन रेटता येतं, पण कायमच्या सर्व्हरवर ते नको.

एक छोटा वेगळा प्रोग्राम लिहा, जावा ८ वरच. त्यात जुने क्लास जसेच्या तसे ठेवा, १.४ मालिकेतला नवा एक्सस्ट्रीम घ्या आणि फक्त तुमच्या पॅकेजला परवानगी द्या. दुसरा कुठला क्लास अडला तर फॉरबिडन-क्लास अशी चूक नावासकट येईल; तो क्लास बघून, ओळखीचा असेल तरच यादीत घाला. सगळ्या पावत्या वाचून डेटाबेसमध्ये किंवा साध्या नव्या एक्सएमएलमध्ये लिहा. दर वर्षाच्या पावत्यांची संख्या आणि रकमेची बेरीज आधीची-नंतरची जुळवा. जुळल्या की मूळ फायली फक्त-वाचनीय करून बाजूला ठेवा, पुसू नका. नंतर मुख्य सॉफ्टवेअरमधून एक्सस्ट्रीमची जार काढा.

हे करताना मराठी नावांकडे डोळा ठेवा. विंडोजवर जावा १७ पर्यंत मुळातली अक्षरपद्धत यूटीएफ-८ नसते, ती जावा १८ पासून झाली. मार्शलरला फाइल-रायटर दिला तर एक्सएमएलच्या पहिल्या ओळीत यूटीएफ-८ लिहिलं जातं आणि खाली ‘सावंतवाडी’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. रायटर न देता आउटपुट-स्ट्रीम द्या, म्हणजे अक्षरपद्धत एक्सएमएलचं टूलच सांभाळतं. वाचतानाही इनपुट-स्ट्रीमच द्या. आणि प्रश्नचिन्हं एकदा लिहिली गेली की मूळ अक्षरं परत मिळत नाहीत, म्हणून पहिल्या शंभर पावत्या डोळ्यांनी बघा.

तुमच्या सल्लागारांचा कॅस्टर त्याच्या काळात चांगला होता. जॅक्सबी नव्हतं तेव्हा मॅपिंगची वेगळी फाइल लिहून तो काम करायचा. आज नवीन कामात तो घेण्याचं एकही कारण दिसत नाही. क्लासना हात लावता येत नाही म्हणून मॅपिंग बाहेरच्या फाइलमध्येच हवं असेल तर एक्लिप्सलिंकचं मॉक्सी बघा, ते जॅक्सबीच्याच घरातलं आहे. अपाचेचं एक्सएमएलबीन्स ऑफिसच्या फायली हाताळणाऱ्या पीओआयच्या आत काम करतं; ज्याला मूळ एक्सएमएल कॉमेंटांसकट जपून त्यात थोडाच बदल करायचा आहे त्याच्यासाठी ते ठीक, तुमच्यासाठी जड. आणि कुठल्या एक्सएमएलमधून दोनतीन आकडेच हवे असतील तर बाइंडिंगच (क्लासशी जोडणीच) करू नका, एक्सपाथ (टॅगचा पत्ता देऊन मजकूर उचलण्याची सोय) पुरे.

कामाचा क्रम: आधी डिपेन्डन्सी-ट्री काढून एकच पिढी ठरवा. मग ऑर्डरींच्या तीन फायली चाचणीसाठी बाजूला काढा: एक सगळी फील्डं भरलेली, एक कमीत कमी फील्डांची, एक मुद्दाम बिघडवलेली. त्या एक्सजेसी, स्कीमा आणि हँडलर लावून वाचा, परत लिहा आणि तुलना करा. तुलना अक्षराला अक्षर करू नका, नेमस्पेसचे प्रिफिक्स बदलले तरी एक्सएमएल तेच असतं. एक्सएमएलयुनिटसारखं साधन वापरा. ते बसलं की टॅली, कंपनीची प्रत घेऊन तिच्यावर. शेवटी जुना साठा.

हे सगळं मार्च ते मे या काळात काढू नका. आंबा सुरू असताना देवगडचा निर्यातदार दिवसभर पेट्या भरत असतो, तेव्हा तुमची चाचणी करून बघायला त्याच्याकडे कुणी नसतं. पाऊस धरला की सुरू करा आणि पुढचा हंगाम पार पडेपर्यंत जावा ८ चा जुना सर्व्हर पुसू नका.